त्रिकोणासन, काका आणि ओली छत्री

परवा योगाच्या क्लासमध्ये मला एका सत्तरीच्या काकांनी छत्रीने टोचलं. ओल्या छत्रीने. आणि हे काका क्लासचे शिक्षक नाहीत, शिक्षकांचे कोणी लागतही नाहीत, शेजारच्या मॅटवरचे विद्यार्थी आहेत, माझ्याइतकीच फी भरून आलेले.

त्रिकोणासन चाललं होतं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, उजवं पाऊल बाहेर, डावं किंचित आत, गुडघ्याच्या वाट्या वर खेचा, टाचेची बाहेरची कड दाबा, शेपटीचं हाड आत घ्या, छाती छताकडे वळवा आणि एवढं सगळं जमलं की वर चेहरा शांत ठेवा. मॅडम आल्या, एका हाताने माझी कंबर मागे ढकलली, दुसऱ्याने खांदा फिरवला, "हां, आता इथेच राहा" म्हणाल्या आणि पलीकडे कुणाचा तरी बेल्ट अडकला होता तो सोडवायला गेल्या. गेल्या त्या गेल्याच. अहो, ते आसन तुमच्या हातांवर उभं होतं, माझ्या पायांवर नाही! तुम्ही हात काढलेत, आता मी कुठे राहू?

मी थरथरत उभी, तेवढ्यात पोटरीला मागून काहीतरी गार लागलं.

"गुडघा. गुडघा लॉक झालाय तुमचा."

मान वर वळवलेली असल्यामुळे मला फक्त पंखा दिसत होता. म्हणलं, "कोण आहे?"

"मीच. हात लावत नाही हं, लेडीज आहात म्हणून छत्री."

म्हणजे बघा, सभ्यपणा आहे माणसात. बाई माणसाला परक्याने हात लावू नये एवढं कळतं, टोचू नये हे मात्र कळत नाही. छत्री मग पोटरीवरून कंबरेपाशी आली. "हे मागे." नंतर कोपराला. "हे सरळ." मी तेवढ्यात घोट्याजवळचा लाकडी ठोकळा हाताखाली ओढायला गेले तर छत्रीने तो सरळ बाजूला सारला. "ठोकळा म्हणजे चीटिंग. गुरुजी असते ना, तर पाठीत एक ठेवून दिली असती."

गुरुजी म्हणजे योगगुरू बी.के.एस. अय्यंगार, पुण्यात वेगळं सांगावं लागत नाही. आता त्यांचा हात कडक होता हे खरंच, बी.के.एस. म्हणजे बँग, किक, स्लॅप असा विनोद त्यांचे शिष्यच करायचे म्हणे. पण ठोकळे, पट्टे, दोऱ्या, घोंगड्या, पाठ काढलेल्या लोखंडी खुर्च्या हा सगळा पसारा योगात रुजवला तो त्याच माणसाने! लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं भोगलेलं, 1937 साली अठराव्या वर्षी पुण्यात शिकवायला आले ते इथलेच झाले, ज्याचं शरीर वाकत नाही त्याचं दुःख त्यांना घरचंच होतं. जमिनीला हात टेकत नाही ना, मग जमीनच वर आणा, इतका साधा विचार. आणि त्यांच्या नावाने हे काका माझा ठोकळा पळवतात.

मी त्याच अवस्थेत विचारलं, "काका, तुम्ही गुरुजींकडे शिकलात का?"

"नाही नाही. मी मॉडेल कॉलनीत राहायचो. समोरच्या गल्लीत."

"मग?"

"येता-जाता दिसायचे ना."

यावर काय बोलणार. माझ्या आजोबांच्या गल्लीत एक डॉक्टर राहायचे, म्हणून आजोबांनी कुणाचं अपेंडिक्स काढलं नाही.

काका एवढ्यावर थांबले नाहीत. "पतंजली काय सांगतात? स्थिरसुखमासनम्." सांगतात, मला मान्य आहे. पण योगसूत्रं दोनशेच्या आसपास, त्यात आसनावर जेमतेम तीन, आणि त्या तिन्हींत शेजारच्या मॅटवाल्याला काही अधिकार दिल्याचं मला तरी आढळलेलं नाही. बरं, स्वतः काका कसे उभे होते तर दोन्ही गुडघे वाकलेले, कारण एका हातात छत्री.

आता जरा खरं बोलते. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या ज्या खोबणीत बसतो ती खोबण प्रत्येकाची वेगळी असते, कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची पुढे वळलेली. स्नायू अडत असेल तर सरावाने फरक पडतो, पण हाडाला हाड लागलं की तिथे मॅडमनी ढकला नाहीतर काकांनी, काही पुढे सरकत नाही, झालंच तर दुखतं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकतो त्यात, मागून पाठीवर भार टाकायची जी हौस असते ना काही जणांना, त्यात मांडीमागचा स्नायू नेमका बैठकीच्या हाडापाशी दुखावतो आणि मग महिनोन् महिने खुर्चीत बसायची चोरी. तेव्हा ढकलणारा विचारायला येत नाही. आधी तरी कुठे विचारतो म्हणा! "लावू का हात?" एवढे तीन शब्द आहेत. परदेशात काही स्टुडिओंमध्ये मॅटशेजारी कार्ड ठेवतात, हात लावला तर चालेल की नको ते त्यावरून कळतं, आणि नको असेल तर त्या माणसाला कोणी आखडू म्हणत नाही.

क्लास सुटल्यावर मी हे मॅडमना बोलले. त्या हसल्या. "अहो ते सीनियर आहेत, प्रेमाने सांगतात. आपल्याकडे कसं घरच्यासारखं आहे."

माझ्या घरी मला कोणी छत्रीने टोचत नाही. सासूबाईसुद्धा नाहीत. पण हे बोलून काय उपयोग, तीन महिन्यांची फी आधीच भरलेली आणि पावतीवर ठळक छापलंय की परत मिळणार नाही.

दारात काका चपला घालत होते. म्हणलं आज सांगूनच टाकावं, "काका, स्पष्ट बोलते, मला असं टोचलेलं अजिबात आवडत नाही."

काकांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

"मला तरी कुठे आवडतं? पण तुमचं त्रिकोणासन बघवत नाही."

आणि छत्री उघडून गेले निघून. बाहेर पाऊसही नव्हता.