मोकळे प्लॉट आधी भरा, टॉवरचं नंतर बघू

मध्यम आकाराच्या शहरांत ही मागणी दर काही वर्षांनी डोकं वर काढतेच. शहराच्या मध्यभागी एक असा टॉवर हवा, जो मैलभरावरून दिसेल आणि पाहताक्षणी शहर ओळखू येईल. मग संगणकावर काढलेलं एक चित्र फिरू लागतं. त्यात संध्याकाळचं जांभळट आकाश असतं, चकाकणारी काच असते, खाली भरपूर झाडं आणि फिरायला आलेली माणसं असतात. शेजारचे ओसाड प्लॉट, पत्र्याचं कुंपण आणि पार्किंगची सपाट मैदानं त्या चित्रात कधीच नसतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाच-दहा लाख वस्तीच्या शहराला निव्वळ ओळख म्हणून गगनचुंबी इमारत नको. कुणाला खरोखर एवढी जागा लागत असेल, तो स्वतःच्या पैशाने बांधणार असेल आणि खालच्या रस्त्याला त्रास होणार नसेल, तर खुशाल बांधावी. उंचीशी माझं वैर नाही. पण स्कायलाइन, म्हणजे दुरून दिसणारी इमारतींची रेषा, चांगली दिसावी म्हणून पालिकेने करात सूट द्यायची, मोक्याची जमीन नाममात्र भावात द्यायची, नियम वाकवायचे, याला माझा ठाम विरोध आहे.

हिशोब करून बघा. समजा टॉवर चाळीस मजल्यांचा आहे आणि मजल्यागणिक वीस हजार चौरस फूट जागा आहे. झाले आठ लाख चौरस फूट. आता समजा त्या शहराच्या मध्यभागात ऑफिसं, घरं, हॉटेलं सगळं धरून वर्षाला लाखभर चौरस फूट नवी जागा उठते. म्हणजे पुढच्या आठ वर्षांची मागणी एकट्या प्लॉटने गिळली. तीच आठ लाख चौरस फूट जागा सहा मजली इमारतींत बांधली आणि मजला दहा हजारांचा धरला, तर तेरा इमारती उभ्या राहतात. तेरा ओसाड प्लॉट भरतात. एखाद्या मध्यम शहराच्या मुख्य रस्त्यावर तेरा प्लॉट म्हणजे दोन-तीन चौकांमधली जवळजवळ सगळी भगदाडं बुजली.

पुढे जे होतं ते आणखी वाईट, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शेजारी चाळीस मजले उठले की आजूबाजूच्या प्रत्येक जमीनमालकाला वाटू लागतं, आपल्याही प्लॉटचं एक दिवस हेच होणार. तो भाव चढवून बसतो. सहा मजली बांधणाऱ्या छोट्या बिल्डरला तो भाव परवडत नाही, आणि दुसरा टॉवर भरेल एवढी मागणी शहरात उरलेली नसते. तोवर जमिनीवर गाड्या उभ्या करून मालकाला चार पैसे मिळतच असतात, घाई कशाला करील? ज्या टॉवरमुळे मध्यभागाचा कायापालट होणार असं सांगितलं जातं, त्याच्याच सावलीत पार्किंगची मैदानं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

एकाच टोपलीत सगळं ठेवण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९८६ साली ४४ मजल्यांचा एक टॉवर उभा राहिला. एका मोठ्या दूरसंचार कंपनीची माणसं तिथे बसायची. २००६ मध्ये तो सुमारे २० कोटी ५० लाख डॉलरना विकला गेला. २०१७ मध्ये कंपनी बाहेर पडली आणि अख्खा टॉवर रिकामा झाला. २०२४ मध्ये त्याला किंमत आली ती सुमारे ३६ लाख डॉलर. इमारत तीच, जागा तीच. एक भाडेकरू गेला आणि सुमारे चौदा लाख चौरस फुटांचा सांगाडा शहराच्या मधोमध उरला. आसपासच्या उपाहारगृहांची, दुकानांची दुपारची गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर गेली. तेरा छोट्या इमारतींपैकी एक रिकामी पडली तर बाकीच्या बारा रस्ता जागता ठेवतात. इथे तो पर्यायच नव्हता.

हेही लक्षात घ्या की सेंट लुइसला ओळखीची अडचण कधीच नव्हती. नदीकाठची १९२ मीटर उंचीची स्टीलची कमान १९६५ पासून तिथे आहे आणि जगभर ओळखली जाते. ओळख होती, तरी मध्यभाग ओस पडायचा थांबला नाही.

उंच इमारत महाग का पडते, हे थोडक्यात. मजले वाढले की लिफ्ट वाढतात, आणि प्रत्येक लिफ्टचा खड्डा खालच्या सगळ्या मजल्यांमधली जागा खातो. वाऱ्याचा जोर सोसायला सांगाडा जड करावा लागतो. पाणी एका दमात वर चढत नाही, टप्प्याटप्प्याने पंप लावावे लागतात. आणि खर्च बांधून संपत नाही: युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ऑफिसांच्या इमारती तपासल्या, तेव्हा वीस किंवा त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतींत दर चौरस मीटरमागे विजेचा वापर सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींच्या जवळजवळ अडीच पट निघाला. जमिनीचा तुटवडा असलेल्या महानगरात हा खर्च निघतो, कारण तिथे जमिनीचा भावच तसा असतो. जिथे मध्यभागात पायलीला पन्नास प्लॉट मोकळे आहेत, तिथे हा भुर्दंड कशासाठी सोसायचा?

आता रस्त्यावर येऊ, कारण शहरातला माणूस दिवसभर तिथेच असतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात २००७ मध्ये ३२ मजल्यांची, ११२ मीटर उंचीची एक इमारत तयार झाली. शहरातली तेव्हाची सर्वांत उंच. उंच सपाट भिंतीवर वारा आदळला की त्यातला बराचसा खाली घसरतो, आणि जमिनीशी पोचल्यावर कोपऱ्यावरून वळताना त्याचा वेग आणखी वाढतो. वरचा जोराचा वारा असा खाली चालणाऱ्याच्या अंगावर येतो. त्या इमारतीच्या पायथ्याशी लोकांना उभं राहणं मुश्किल व्हायला लागलं. मार्च २०११ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्याने तिथे एक लॉरी उलटली आणि पायी चाललेल्या एका माणसाचा तिच्याखाली जीव गेला. त्यानंतर जोराचा वारा सुटला की आजूबाजूचे रस्ते बंद ठेवायची वेळ आली, आणि शेवटी रस्त्यावर वारा अडवणारे मोठमोठे पडदे उभारावे लागले. बांधायच्या आधी ज्याचा नीट विचार व्हायला हवा होता, त्याची ठिगळं दहा वर्षांनी लावली गेली.

हे वाचून कुणी म्हणेल, सगळीकडे असंच होतं असं नाही. बरोबर आहे. आणि टॉवर मागणाऱ्यांच्या मनात जी भावना असते तिला मी हलकं लेखणार नाही. एखाद्या शहरातले कारखाने बंद पडतात, तरुण मुलं बाहेर जातात, वर्षानुवर्षं वाईट बातम्याच येतात. अशा वेळी काहीतरी भव्य उभं राहताना बघावंसं वाटतं, आपलं शहर अजून जिवंत आहे असं कुणीतरी मोठ्याने सांगावंसं वाटतं. ही भूक खरी आहे.

स्वीडनमधलं माल्मो यातून गेलेलं शहर. तिथल्या जहाजबांधणीच्या गोदीवर १३८ मीटर उंचीची एक अवाढव्य क्रेन होती. शहराचं बोधचिन्हच म्हणा. गोदी बंद पडली, आणि ती क्रेन अवघ्या एका डॉलरला दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या गोदीला विकली गेली. २००२ मध्ये ती सुटी करून बोटीवरून नेताना लोक किनाऱ्यावर जमले होते. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच पश्चिम बंदराच्या भागात सांतियागो कालात्रावा या वास्तुकाराचा 'टर्निंग टोर्सो' हा टॉवर पूर्ण झाला: १९० मीटर उंच, ५४ मजले, आणि तळापासून माथ्यापर्यंत नव्वद अंशांत पिळलेला. आज माल्मोचं नाव काढलं की फोटो त्याचाच येतो. टॉवरवाले हे उदाहरण हटकून देतात.

पण माल्मो सावरलं ते कशामुळे? विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. कोपनहेगनला जोडणारा ओरेसुंड पूल २००० मध्ये खुला झाला, आणि समुद्रापलीकडच्या राजधानीतल्या नोकऱ्या रोजच्या आगगाडीच्या अंतरावर आल्या. २००१ मध्ये बंदराच्या पडीक जमिनीवर घरांचं प्रदर्शन भरलं आणि त्यातून एक नवी वस्ती उभी राहिली. टॉवर या सगळ्यानंतर आला. त्याचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, आणि आतली घरं विकायचं ठरलं होतं ती पुरेसं गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे भाड्याने द्यावी लागली.

त्या वस्तीची रचना मला टॉवरपेक्षा जास्त शिकवणारी वाटते. समुद्राच्या कडेला जरा उंच इमारतींची एक रांग आहे, ती वारा अडवते. तिच्या आडोशाला आत बुटकी घरं, वेड्यावाकड्या गल्ल्या, छोटी अंगणं. गल्ल्या मुद्दाम सरळ ठेवल्या नाहीत, म्हणजे वारा सुसाट घुसत नाही. खालच्या मजल्यांना दारं आहेत, खिडक्या आहेत, पायरीवर बसता येतं. तिथल्या हवेत उन्हाचे चार दिवस मिळाले की माणसं समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांवर गर्दी करतात. हजारो लोकांचं राहणं, फिरणं, बसणं हे सगळं पाच-सहा मजल्यांच्या आत घडतं. त्या दोन रचनांमधली कुठली आपल्या शहरात आणायची असं मला विचारलं, तर मी क्षणभरही थांबणार नाही.

गरजेतून उभा राहिलेला टॉवर कसा असतो तेही सांगायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलची वस्ती दोन लाखांच्याही आत. तिथे रोश या औषध कंपनीने २०१५ मध्ये १७८ मीटरचा आणि २०२२ मध्ये २०५ मीटरचा असे दोन टॉवर बांधले. कुणाला ते आवडतात, कुणाला खुपतात. पण ते कंपनीच्या स्वतःच्या आवारात आहेत आणि आत बसायला माणसं आधीच होती, शहरभर विखुरलेली. भाडेकरू शोधत फिरायची वेळच आली नाही. असा मालक दारात आला तर बोलणी जरूर करावीत.

पैशाची बाजू बघायची तर अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिलचं उदाहरण मी पुन्हा पुन्हा देते. लाखाच्या आतबाहेरचं गाव. तिथे मध्यभागातली एक जुनी, बंद पडलेली सहा मजली डिपार्टमेंट स्टोअरची इमारत दुरुस्त झाली. खाली दुकानं, वर ऑफिसं आणि घरं. तिच्याकडून मालमत्ता कर मिळत होता एकरी सुमारे ६,३४,००० डॉलर. त्याच गावाबाहेरच्या, भल्यामोठ्या पार्किंगच्या बाजारसंकुलाकडून मिळत होता एकरी ६,५०० डॉलर. जवळजवळ शंभर पट फरक, तोही सहा मजल्यांत, आणि जी इमारत नव्याने बांधलीसुद्धा नव्हती! पालिकेची तिजोरी भरायला चाळीस मजले लागतात हा समज या एका गावाने खोटा ठरवला आहे.

दुरून दिसणाऱ्या रेषेचंच प्रेम असेल, तर ती बांधूनच घडते असंही नाही. मॅडिसन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीचं शहर. तिथे कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, एक मैलाच्या परिघात, घुमटाला आधार देणाऱ्या खांबांच्या तळापेक्षा उंच इमारत बांधायला कायद्याने मनाई आहे. दोन तळ्यांच्या मधली चिंचोळी जमीन आणि तिच्यावर एकटा पांढरा घुमट, कुठूनही बघितलं तरी शहर ओळखू येतं. अशा मर्यादेने घरांची जागा कमी होते ही तक्रार खरी आहे, आणि मी सरसकट उंचीबंदी मागणार नाही. पण ओळख राखायचे मार्ग एकाहून जास्त असतात, हे तरी मान्य करा.

आणि तरीही टॉवरचा प्रस्ताव आलाच, तर सुनावणीला जा. तिथे चित्राचं कौतुक करत बसू नका, कागद मागा. किती जागेचे भाडेकरार सही होऊन हातात आहेत? वाऱ्याची चाचणी झाली का, आणि तिचा अहवाल लोकांसाठी खुला आहे का? रस्त्याच्या पातळीवर किती दारं उघडतात आणि किती लांबीची नुसती भिंत किंवा गाड्यांचा दरवाजा आहे? माथ्यावर सर्वसामान्य माणसाला जाता येणार की तो फक्त आतल्या लोकांसाठी? काम मध्येच थांबलं तर खड्डा बुजवायचे पैसे कुणी आधीच पालिकेकडे ठेवले आहेत का? हा शेवटचा प्रश्न कुणाला आगाऊ वाटेल. पण शिकागोत, जिथे पैशाला आणि मागणीला तोटा नाही, तिथे याच कालात्रावाच्या ६१० मीटरच्या टॉवरचा पाया २००७ मध्ये खणायला घेतला, पुढच्याच वर्षी आर्थिक संकटात काम बंद पडलं, आणि तो गोल खड्डा वर्षानुवर्षं तळ्यासारखा पडून राहिला.

टॉवरवर सवलतींचा जेवढा पैसा उधळायची तयारी असते, त्याच्या निम्म्यात आधी हे करा: मध्यभागातल्या मोकळ्या पार्किंगच्या जमिनीवर कर वाढवा, चार ते सात मजल्यांच्या इमारतींना परवानगी तीन महिन्यांत द्या, प्रत्येक इमारतीसोबत पार्किंग बांधायची सक्ती काढा, आणि जुन्या रिकाम्या इमारती घरांसाठी बदलून घेणाऱ्यांना मदत करा. आपल्या नगरसेवकांना या चार गोष्टींवर लेखी उत्तर मागा आणि मिळालेलं उत्तर इथे खाली टाका.