तीसपैकी किती गुण मिळाले, यावर सही ठरत नाही

नमस्कार. ‘कायद्याला ठाम रेषा लागते आणि वार्धक्यशास्त्रवाले “ते परिस्थितीवर अवलंबून आहे” यापलीकडे बोलत नाहीत. त्यांना ज्येष्ठांच्या कायद्यात घेतलंत, तर मुलं चाचणीचा कागद नाचवून आईवडिलांना वेड्यात काढतील,’ हा तुमचा आक्षेप. भीती खोटी नाही. पण तो कागद नाचवता येतो, तो शास्त्र कायद्यात अर्धवट शिरल्यामुळे.

मिनी-मेंटल ही चाचणीच घ्या. स्मरणशक्ती, लक्ष वगैरे झटपट तपासणारी, १९७५ची, ३० गुणांची. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, तीन शब्द लक्षात ठेवा. शिक्षण कमी झालेल्याचे गुण कमी येतात, ऐकू कमी येणाऱ्याचेही. आणि घर कुणाच्या नावे करायचं, याबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही! तरी तिचा आकडा मृत्युपत्राच्या वादात पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वकिलाला कोण समजावणार?

दुसरं, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा एखादी नवी झोपेची गोळी एवढ्यानंही म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागतं. कारण सापडून उपचार झाले की बरेचदा ताळ्यावर येतं. नेमक्या त्या आठवड्यात कुणी त्याचं कायमचं पालकत्व, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घेण्याचा अधिकार, मागितला तर? स्मृतिभ्रंशातही अनेकांची सकाळ बरी जाते आणि संध्याकाळी गोंधळ वाढतो. म्हणून सही किती वाजता झाली, श्रवणयंत्र कानात होतं का, लाभ होणारा नातेवाईक खोलीत बसला होता का, हे विचारावं लागतं.

आणि यातून रेषा पुसली जात नाही, जागा बदलते. इंग्लंड-वेल्सचा २००५चा मानसिक क्षमता कायदा सांगतो, की केवळ वयावरून किंवा दिसण्यावरून कुणाला अक्षम ठरवता येणार नाही, आणि क्षमता तपासायची ती त्या वेळी, त्या निर्णयापुरती. रोजचा खर्च सांभाळणाऱ्याला गुंतागुंतीचं गहाणखत कळेलच असं नाही, आणि उलटही. जर्मनीनं तर प्रौढाला सरसकट अक्षम घोषित करण्याची पद्धत १९९२पासून मोडीतच काढली.

ठाम रेषा हवी, हे पेन्शनच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तिथे वयाचा आकडाच हवा, प्रत्येकाची तपासणी कोण करत बसणार?

मात्र शेवटचा शब्द मी शास्त्रज्ञांनाही देणार नाही. व्यवहार समजतो की नाही, हे ते सांगू शकतात. समजून-उमजून कुणी आपली सगळी पुंजी शेजाऱ्याला दिली, तर तो मूर्खपणा असेलही, पण तो करण्याचा हक्क त्याचाच. वरच्या इंग्रजी कायद्यात हेही लिहिलेलं आहे: निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. मुलांना नेमकं हेच पचत नाही, आणि चाचणीचा कागद ती शोधू लागतात ती इथूनच.