‘तुमच्या धर्मानंच तिला मारलं’: राजेंद्रनगरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘तुझ्या सासऱ्यांबरोबर बँकेत होतो, राजेंद्रनगरला राहतो’ असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते. तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, एक शब्द कापलेला नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 25 मार्चला, मरियेला देवदूताचा निरोप आला त्या सणाच्या निमित्तानं, पोटातल्या जिवाबद्दल कॅथलिक चर्च काय मानतं ते मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं: हा अमेरिकेतला तंटा आहे, तो इंदुरात आणू नका. ब्रह्मचारी फादर लोकांनी बाळंतपणाच्या गोष्टी सांगू नयेत. सविता हलप्पनवारला तुमच्या धर्मानंच मारलं. चौदा वर्षांच्या पोरीवर अत्याचार झाला तर तिलाही हेच सांगणार का? आणि जन्माला घातलेली पोरं सांभाळणार कोण?

सवितापासून सुरू करते, कारण तिथं तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे.

बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, वय 31, सतरा आठवड्यांची गरोदर. ऑक्टोबर 2012 मध्ये आयर्लंडला गॉलवेच्या हॉस्पिटलात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. मग मोकळं करा, असं तिनं स्वतः म्हटलं. उत्तर मिळालं, ठोके चालू आहेत तोवर नाही. ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण बोललो, हे एका मिडवाइफनं पुढं चौकशीत कबूल केलं. 28 ऑक्टोबरला सविता सेप्सिसनं, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गानं, गेली.

माझं आयुष्य वॉर्डात गेलंय, त्यामुळे हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं तिचा चार्ट येतो. पाणी जाऊन दिवस उलटलाय, अंगात हुडहुडी, नाडी पळतेय, स्रावाला वास. असली बाई कुठं चालली आहे हे नर्सला मोठ्या डॉक्टरांच्या राउंडच्या आधी कळतं. 2013 च्या सरकारी चौकशीनंही तेच म्हटलं: सगळ्यांचं लक्ष गर्भाच्या ठोक्यांवर, आणि आईच्या अंगात पसरणाऱ्या संसर्गाकडे कुणी पुरेसं बघितलंच नाही.

आता चर्चची शिकवण. गर्भाशयात संसर्ग झालाय, आईचा जीव जातोय, तर इलाज करायचा, त्यात गर्भ वाचणार नाही हे दिसत असलं तरी. आपण रोग काढतो, मूल मारायला निघालेलो नसतो. एका कृतीचे दोन परिणाम, हा विचार थॉमस अक्वायनसपासून, म्हणजे तेराव्या शतकापासून चालत आलाय. आईपेक्षा पोटातल्या मुलाचा जीव वरचढ धरा असं चर्चनं कधीच शिकवलं नाही, हे आयर्लंडच्या बिशपांनीही सांगितलं. बरोबर सांगितलं. पण सविता गेल्यानंतर सांगितलं. 1983 साली तिथल्या घटनेत पोटातल्या जिवाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारं जे कलम घातलं गेलं त्यामागं आमच्याच लोकांचा जोर होता, आणि त्या कलमाच्या धाकानं डॉक्टरांचे हात बांधले गेले. 25 मे 2018 च्या मतदानात तिथल्या 66 टक्के लोकांनी ते कलम काढून टाकलं. तेव्हा तुमच्या वाक्यातला एवढा वाटा मी आमच्या पदरात घेते. ‘चर्च म्हणतं आई मेली तरी चालेल’ हे मात्र घेणार नाही, कारण ते खरं नाही.

फिनिक्सचं उदाहरण तुम्ही दिलं नाहीत, मीच देते. 2009, अमेरिका, कॅथलिक हॉस्पिटल. अकरा आठवड्यांची गरोदर, चार मुलांची आई, फुफ्फुसांच्या रक्तदाबाचा विकार इतका वाढलेला की गर्भ ठेवला तर दोघंही जाणार. हॉस्पिटलच्या नैतिक समितीनं गर्भपाताला मान्यता दिली. त्या समितीत सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या. बाई वाचली. बिशपांनी जाहीर केलं की सिस्टर चर्चबाहेर गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्या हॉस्पिटलचं कॅथलिक म्हणवण्याचं नावच काढून घेतलं. त्यांचा तर्क असा की रोग गर्भाशयात नव्हता, म्हणून इथं गर्भावरच थेट हात टाकला गेला. तर्क मला समजतो. पण मी त्या समितीत असते तर सिस्टरच्या बाजूनं हात वर केला असता, आणि तरीही रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले असते.

ब्रह्मचारी फादरांबद्दल: काका, कधी कढईला हात न लावता पोह्यांवर निकाल देणारे छप्पन दुकानावर रोज सकाळी भेटतात, आणि त्यांचा निकाल कधी कधी बरोबरही असतो. बोलणारा कोण यापेक्षा बोलणं काय ते बघू. बायकांना विचारून लिहिलं असतं तर जास्त बरं झालं असतं, हे मला मान्य आहे. पुढं जाऊ.

‘अमेरिकेतला तंटा’ हे मात्र पटत नाही. गर्भ पाडू नये असं ‘डिडाखे’ नावाच्या आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणुकीत आहे. तेव्हा अमेरिका कुणाच्या गावीही नव्हती. आणि आपल्याकडचा इतिहास तरी काय? गर्भपात हा 1860 च्या दंडसंहितेत गुन्हा होता. गर्भपाताला मुभा द्यावी का हे बघणाऱ्या शांतिलाल शाह समितीचा अहवाल आला 1966 मध्ये, मुभा देणारा कायदा झाला 1971 मध्ये. बरेच जण त्याला बाईचा हक्क म्हणतात. जरा वाचून बघा. निर्णय बाईचा नाही, डॉक्टरच्या मताचा आहे: आज वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या, त्यापुढं चोवीसपर्यंत ठरावीक बायकांसाठी दोघांच्या. साधन फसलं म्हणून गर्भपाताची सोय 1971 मध्ये दिली ती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांना, मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी. लोकसंख्येचा हिशोब त्या कायद्यातच बसलेला होता. मग आणीबाणी आली. 1976-77 मध्ये 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि नोकरदारांच्या मानेवर ‘केस’ आणायचं टार्गेट. ते दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असतील. सरकारच्या हातात ही साधनं गेली तर ते लोकांवर लादेल, असा इशारा सहाव्या पॉल पोपनी जुलै 1968 च्या परिपत्रकात दिला होता. त्या परिपत्रकातल्या गर्भनिरोधाच्या बंदीबद्दल माझी भरपूर कुरकुर आहे, पण हा इशारा खरा ठरला.

आणि वॉर्डात काय दिसतं ते सांगू? सज्ञान बाईला नवऱ्याची परवानगी लागत नाही, कायद्यात कुठंही नाही. तरी मी जिथं जिथं काम केलं तिथं काउंटरवर पहिला प्रश्न तोच: “पति के साइन कहाँ हैं?” दुसरीकडे, सून खुर्चीत मान खाली घालून बसलेली आणि सासू सांगतेय, “सिस्टर, सफाई करवा दो, दो लड़कियाँ हैं पहले से.” मागं भिंतीवर बोर्ड, लिंग परीक्षण कानूनन अपराध है. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणारा फॉर्म एफ नीट भरलेला, सगळे कॉलम, सही, तारीख. कागद चोख. लिंग परीक्षणाला बंदी घालणारा हा कायदा 1994 चा. 2001 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 932 मुली होत्या, 2011 मध्ये 918. आपला महाराष्ट्र 913 वरून 894 वर.

पोटातला जीव म्हणजे कुणीच नाही असं धरलं, तर मुलगी म्हणून पाडण्यात चूक काय? माझ्या स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात, तो गुन्हा गर्भाविरुद्ध नाही, समस्त बायकांविरुद्ध आहे. उत्तर दमदार आहे. पण त्या सुनेला घरी जाऊन रडताना मी पाहिलंय, आणि ती ‘समस्त बायकां’साठी रडत नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुणाचा जीव मोजायचा आणि कुणाचा नाही, ही निवड आपण हातात घेऊच नये. हे फक्त गर्भाला लावलं तर मात्र तुमचा राग रास्त आहे. शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांनी 1983 मध्ये हेच मांडलं होतं: गर्भ, गरीब, फाशीचा कैदी, मरणाच्या दारातला म्हातारा, सगळ्यांना एकच माप. येशूचा अंगरखा बिनशिवणीचा होता, तसं. गर्भासाठी मोर्चे काढून फाशीला टाळ्या वाजवणारे तिथंही आहेत, इथंही.

आणि हे फक्त पुस्तकात नाही. सिस्टर राणी मारिया आठवतात? देवास जिल्ह्यात उदयनगरला भूमिहीन मजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरच्या बसमध्ये चढल्या, वाटेत घाटात समंदर सिंहनं त्यांना भोसकलं. पन्नासच्या वर जखमा. बसभर माणसं होती, कुणी पुढं झालं नाही. वय 41. बरोबर महिन्यानं, 25 मार्चला, जॉन पॉल दुसरे यांचं जीवनाबद्दलचं परिपत्रक निघालं, आणि देहदंडाची गरज आता जवळजवळ उरलेली नाही असं त्यात होतं. 2002 मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन समंदर सिंहला राखी बांधली. घरच्यांनी माफी लिहून दिली आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर, घोषित केलं. 2018 मध्ये तर पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच बदल करून देहदंड कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही असं लिहिलं.

20 मार्च 2020 ला दिल्लीत निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. मी काही लिहिलं नाही. वाईट वाटलं असंही नाही, खोटं कशाला बोलू. पण राणी मारियांच्या बहिणीनं जे केलं ते पाहिल्यावर मला पेढा घेता आला नसता.

चौदा वर्षांच्या पोरीचं. चर्चचं उत्तर स्पष्ट आहे: बाळ निर्दोष आहे, अपवाद नाही. पोरही निर्दोष आहे. अशा मुली उशिरा येतात, कारण घरच्यांनी महिनोन्‌महिने लपवलेलं असतं. मग पोलिस, मेडिकल बोर्ड, चोवीस आठवडे उलटले की हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ. एवढ्या दारांत उभी राहिलेल्या पोरीला माझ्या तोंडून नियम ऐकावा लागणार नाही. तिनं काहीही निवडलं तरी तिच्या खाटेशी मी असेन. हे चर्चच्या अधिकृत उत्तरापेक्षा ढिलं आहे, मला माहीत आहे. गर्भपाताच्या पापाची क्षमा कुठलाही धर्मगुरू देऊ शकतो असं फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये कायमचं करून टाकलं, त्यावरून दाराला फट आहे एवढं मला दिसतं. 1971 चा कायदा रद्द करा असंही मी म्हणत नाही. गावात काडी घालून घेतलेल्या, ताप भरलेल्या बाया मी कायदा असतानाही पाहिल्यात. नसताना काय होतं ते माझ्या सीनियर सिस्टरांकडून ऐकलंय.

शेवटचं, पोरं सांभाळणार कोण. इथं चर्चकडे दाखवायला बरंच आहे: अनाथालयं, गतिमंद मुलांच्या खोल्या, तिथं एका मुलाला पेज भरवायला पाऊण तास घालवणाऱ्या सिस्टर. मानेखाली हात, चमचा ओठांच्या कोपऱ्याला लावायचा, गिळलं का बघायचं, मग दुसरा. पण ऑक्टोबर 2015 मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीनं भारतातलं दत्तक देण्याचं काम बंद केलं, कारण नव्या नियमांत एकट्या आणि घटस्फोटित माणसांनाही मूल द्यावं लागणार होतं. मला तो निर्णय तेव्हाही पटला नाही, आजही नाही. एकटी बाई मूल वाढवू शकत नाही हे निदान आमच्या वॉर्डातल्या आयांना सांगून बघावं.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या आमच्या मंडळीत, गर्भपाताविरुद्ध प्रार्थना दरवर्षी होते. टाकून दिलेलं किंवा अपंग मूल दत्तक घेतलेली घरं आपल्यात किती, असं मी एकदा मिस्सानंतर फादरांना विचारलं. त्यांनी माझ्या सुनेची तब्येत विचारली.