परत पाठवू नका, नष्टच करा

न्हावा शेवा बंदराजवळच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उतरवून तपासायच्या गोदामात, मी काही वर्षं क्लिअरिंगचं, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवायचं काम केलं. एकदा खेळण्यांचा कंटेनर उघडला. सॅम्पलसाठी पहिलं कार्टन फोडलं आणि रॉकेलसारखा उग्र वास नाकात गेला. आत मऊ प्लास्टिकची पिवळी बदकं. एकाच्या चोचीवरून अंगठा फिरवला, तर लाल रंग बोटाला लागला. माझी मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती, हाताला लागेल ते तोंडात घालायची.

लॅबचा रिपोर्ट फेल आला. पार्टीने, म्हणजे आयातदाराने, माल परत न्यायची परवानगी मागितली, मिळाली, आणि कंटेनर नवं सील लावून जहाजावर चढला. सगळं नियमात बसणारं. २ डिसेंबर २०१९ ची डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचनाच सांगते की सॅम्पल नापास झालं तर माल परत पाठवावा किंवा आयातदाराच्या खर्चाने नष्ट करावा.

माझं भांडण त्या 'किंवा'शी आहे. ती बदकं गेली कुठे? कागद बदलून दुसऱ्या बंदरात उतरली, की जिथे तपासायला कुणी नाही अशा देशात? तिथलं बाळही चोच चोखणारच ना!

अमेरिकेत टपालाने येणाऱ्या औषधांचं हेच व्हायचं. नाकारलेलं पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जायचं आणि तो तेच पुन्हा पाठवू शकायचा. २०१२ मध्ये तिथे कायदा झाला. २,५०० डॉलरपर्यंतचं नाकारलेलं औषध एफडीए, म्हणजे तिथली औषध नियामक संस्था, आता नष्ट करू शकते, मालकाला आधी नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून.

आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेने २०१९ मध्ये दिल्ली परिसरात तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी ६६.९ टक्के नापास झाली होती. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, हे फार चांगलं झालं. पण बंदरात पकडलेल्या विषाचं काय करायचं, तो प्रश्न तसाच आहे.

छोटा व्यापारी बुडेल, असं म्हणतात. खरंय, त्याचे पैसे अडकलेले असतात. म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये फेरतपासणीची संधी द्याच. लेबल चुकलं, एखादा कागद कमी पडला, तर माल खुशाल परत जाऊ दे. पण रंगात शिसं किंवा प्लास्टिकमध्ये थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) दुसऱ्यांदाही मर्यादेबाहेर सापडलं, तर तो माल कस्टमच्या डोळ्यांदेखत श्रेडरमध्ये गेला पाहिजे. आणि उघड्यावर जाळायचा नाही. तो धूर उरण-पनवेलच्या गावांतल्या पोरांनी का गिळायचा?