‘शोभेपुरते फिडल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अ‍ॅलिसन क्राउस या ब्लूग्रास (तंतुवाद्यांवरचे अमेरिकन लोकसंगीत) गाणाऱ्या आणि फिडल (लोकशैलीत वाजणारे व्हायोलिन) वाजवणाऱ्या अमेरिकन कलावतीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिता, ‘बाईंचा गळा गोड, फिडल मात्र शोभेपुरते, पुढे तर ब्लूग्रास सोडून त्या पॉपकडे वळल्या आणि लेखकाने डोळे मिटून आरती ओवाळली आहे.’ आपण दाखविलेली एक चूक आधी मान्य करतो : ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलमधील कंट्री संगीताच्या कार्यक्रमाचे सदस्यत्व त्यांना १९९२ मध्ये नव्हे, १९९३ मध्ये मिळाले. आभारी आहे. मात्र त्यापुढे ‘निदान गूगल तरी करायचे’ असे जोडल्याने आपल्या ज्ञानात कोणती भर पडली, हे मला उमगलेले नाही.

‘शोभेपुरते’ हा शब्द मला झोंबला, हे लपवीत नाही. पाचव्या वर्षी व्हायोलिनचे शास्त्रीय धडे, तेराव्या वर्षी कॅन्ससमधील वॉलनट व्हॅली महोत्सवात फिडलचे अजिंक्यपद आणि १९८५ मध्ये, शाळकरी वयातच, राउंडर रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार. हे सारे शोभेच्या वाद्यावर होत नसते. मी स्वतः नऊ वर्षे व्हायोलिन शिकलो, मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्याशी टेकवून. एकदा गुरुजींच्या नकळत तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावून फिडलची एक धून काढू पाहिली. एक तार मोकळी गुंजत ठेवायची, शेजारच्या तारेवर धून वाजवायची आणि गज दोन्हींवर सारख्याच दाबाने फिरवायचा. माझ्या गजातून बिजागरीची कुरकुर तेवढी निघाली. क्राउस गाताना फिडल खाली घेतात आणि कडव्यांच्या मधल्या जागेत मोजकेच वाजवून बँजो आणि डोब्रो (गिटारचा एक प्रकार) यांना वाट देतात, कारण ब्लूग्रासमध्ये प्रत्येक वाद्याची पाळी ठरलेली असते. या संयमाला आपण शोभा म्हणता. आपण कधी गज हातात धरला आहे काय?

पॉपच्या आरोपाबद्दल एवढेच, की रॉक गायक रॉबर्ट प्लांट यांच्यासोबतच्या अल्बमला २००९ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाल्यानंतरही, २०२१ मध्ये ब्लूग्रासच्याच हॉल ऑफ फेमने त्यांना सामावून घेतले. सत्तावीस ग्रॅमींचा उल्लेख ही आरती नव्हे, मोजणी आहे. आडनावाच्या उच्चारावरील आपल्या परिच्छेदाला उत्तर देण्याइतकी सवड मला नाही. १९९३ ची दुरुस्ती लेखात केली आहे. आपले नाव तेथे द्यावे की नाही, ते कळवावे.