व्हॉल्व्हचे दहा वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे शंभर? छे!

पुण्यातल्या जुने रेडिओ आणि रेकॉर्डी जमवणाऱ्या मंडळींत एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ॲम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत पेटणारी काचेची नळी) एक वॅट ट्रान्झिस्टरच्या दहा वॅटबरोबर, जितके व्हॉल्व्ह पेटलेले तितकी ताकद, व्हॉल्व्हच्या नंबरांत ईएल८४ लहान, ईएल३४ मोठा, केटी८८ सगळ्यांचा बाप, तेव्हा ताकद हवी तर व्हॉल्व्ह बदला. शेवटचा सल्ला ऐकून कुणी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठण्याआधी हे लिहितोय.

एक वॅट म्हणजे एक वॅट, मग तो काचेतून येवो की सिलिकॉनमधून. पण हा समज हवेतून आलेला नाही. मर्यादा ओलांडली की ट्रान्झिस्टर लाटेचा माथा कापून टाकतो आणि तबल्याची थाप कानात टोचते. व्हॉल्व्ह, विशेषतः फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत देणं) कमी असेल तर, तोच माथा हळूहळू गोल करतो, त्यामुळे आपण आवाज आणखी थोडा वाढवतो आणि तक्रार करत नाही. हा फरक खरा, दहापट मात्र नव्हे. शिवाय दहापट वॅट म्हणजे १० डेसिबल, कानाला जेमतेम दुप्पट आवाज. एका वॅटवर एक मीटरवर ८८ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला ८ वॅट दिले तर एक मीटरवर ९७ डेसिबल होतात. सदाशिव पेठेतल्या खोलीत त्याआधीच खालचे काका जिना चढून येतील.

पेटलेले व्हॉल्व्ह मोजण्यात तर काहीच अर्थ नाही. ईसीसी८३ फक्त सिग्नल वाढवतो, जीझेड३४ एसीचा डीसी करतो; स्पीकरला दोघांचाही एक वॅट मिळत नाही. स्वस्तातल्या कित्येक डब्यांत पुढे दोन ६जे१ असतात, त्यांच्या बुडाशी नारिंगी एलईडी, आणि खरं काम मागे लपलेली चिप करते. पीएमपीओच्या फुगवलेल्या वॅटवाल्या टेपरेकॉर्डरची आठवण यावी, इतका हा प्रकार ओळखीचा आहे.

आता लहान-मोठ्याचं. एकच ईएल८४ सिंगल-एंडेड, म्हणजे अख्खी लाट एकट्यावर सोपवून, लावला तर साधारण ५ वॅट देतो. तेच दोन मलार्ड कंपनीच्या ‘५-१०’ या पुश-पुल मांडणीत (एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो) १० वॅट देतात आणि जास्त व्होल्टेजवर चालवले तर १५ च्या पुढे जातात. ईएल३४ ची जोडी मलार्डच्या ‘५-२०’ मध्ये २० वॅटची, मार्शलच्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये ५० वॅटची, आणि डेटाशीटमध्ये ८०० व्होल्टवर १०० वॅटची. व्हॉल्व्ह तोच! बदललं ते व्होल्टेज, जोडणीचा प्रकार, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) आणि किती विकृती चालवून घ्यायची ते. उलट ३००बी हा व्हॉल्व्ह बघा. ईएल८४ च्या दुप्पट उंच, किंमत विचारूच नका, आणि एकटा वापरला तर मिळतात साधारण ८ वॅट. व्हॉल्व्हचा नंबर छत किती उंच ते सांगतो. आत किती मजले बांधायचे ते ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय ठरवतात.

म्हणून ‘व्हॉल्व्ह बदला’ हा सल्ला सगळ्यात वाईट. ईएल८४ ला नऊ पिनांचा बारका सॉकेट, ईएल३४ ला आठ पिनांचा ऑक्टल. तो बसणारच नाही. केटी८८ मात्र ईएल३४ च्या जागी बसतो, म्हणून तोच जास्त धोक्याचा. त्याचा हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार) १.५ ऐवजी १.६ अँपिअर ओढतो, म्हणजे चार व्हॉल्व्ह असतील तर मेन्स ट्रान्सफॉर्मरवर ०.४ अँपिअरचा जादा भार. बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहायचा ते ठरवणारं व्होल्टेज) नव्याने लावावा लागतो. एवढं करून व्होल्टेज आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुनाच राहिला तर वॅट जवळपास होते तेवढेच.

आवाज खरंच कमी पडत असेल तर आधी स्पीकरच्या मागची पट्टी वाचा. ८७ डेसिबलचा काढून ९३ चा लावला तर चौपट वॅटचं काम होतं, आणि ॲम्प्लिफायरचं झाकण उघडावंही लागत नाही. उघडलंच, तर कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा. प्लग काढल्यावरही त्यांत शेकडो व्होल्ट राहू शकतात.