कळंगुटचा खडा

परवापासून माझ्या उजव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. कुकरची नव्हे, ते बायकोनं दोनदा गॅस बंद करून सिद्ध केलंय.

आधी एक सांगून टाकतो. मी गोव्याला पर्यटक म्हणून जात नाही. आमचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. कोल्हापूरहून निघायचं, आंबोली उतरायची, बांदा ओलांडून पत्रादेवीला गोव्यात शिरायचं, देवीची ओटी भरायची आणि मग, जणू देवीनंच कौल दिल्यासारखं, कळंगुटला दोन दिवस राहायचं. वडिलांपासूनची रीत आहे ही. ते पहिल्यांदा गेले ते सत्तरच्या दशकात, म्हणजे ऐन हिप्पींच्या दिवसांत. "वाळू होती, रापणकारांच्या होड्या होत्या, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं," असं परत आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, आणि पुढची चार वर्षं देवदर्शनाला ते एकटेच गेले.

यंदा सोबत साडू होता. पुण्याचा. पर्यटक बघायचा तर तो बघावा. माडांच्या चित्रांचा शर्ट, गवताची टोपी, काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची स्कूटर. बागा ते कांदोळी ही सगळी एकच सलग वाळू, तरी हा "आता आपण नक्की कुठल्या बीचवर आहोत?" म्हणून दर दहा पावलांवर मोबाईल बघणारा. मी आपला साधा पंचा खांद्यावर टाकून शॅकच्या खाटेवर पडलेलो. खाट फुकट असते, पण काही मागवत राहिलं तर. आमच्यातर्फे साडू मागवत होता.

आणि तो आला. डोक्याला लाल फडकं, फडक्यात खोचलेल्या कापूस गुंडाळलेल्या सळया, काखेत डबा. कान कोरणारा. माडांच्या शर्टाला ओलांडून, गवताच्या टोपीला ओलांडून तो थेट माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. हे मला अजून पचलेलं नाही.

"साहब, कान में समंदर का पानी गया है."

मी समुद्रात गेलोच नव्हतो. तसं सांगितलं.

"तो फिर और खराब बात है," तो म्हणाला. "सिर्फ देखता हूँ. देखने का पैसा नहीं."

इथं मी कानावर हात ठेवायला हवे होते. आमचे डॉक्टर वीस वर्षं सांगताहेत की कानातला मळ हा मळ नसून कातडीचं राखण करणारं तेल आहे, जेवताना-बोलताना जबडा हलतो तसा तो आपोआप बाहेर सरकतो, आत काड्या घालू नका. मी मान डोलावतो आणि घरी येऊन स्कूटरची किल्ली घालतो. तर तेही असो.

त्यानं माझा कान धरला. शाळेत धरत तसा. आत बघितलं, मान मागं घेतली, डोळे मिटले. मग जवळच्या शहाळेवाल्याला हाक मारली. शहाळेवाल्यानं कोयता खाली ठेवून माझ्या कानात बघितलं आणि "च्च" केलं. त्याच्याकडं शहाळं घ्यायला आलेलं एक गुजराती कुटुंब ओळीनं बघून गेलं; त्यांच्या लहान मुलाला नीट दिसेना, तर वडिलांनी त्याला उचलून धरलं. चाळीसएक पायऱ्या चढून लोक किल्ल्यावर तोफ बघतात, तसा माझा कान.

मग सळई आत गेली, तेलाचा थेंब गेला, काहीतरी खरवडलं, आणि त्यानं तळहात पुढं केला. मुगाएवढा तपकिरी खडा.

"ये कितने साल से रखा है, साहब?"

रखा है! जणू मुदत ठेव.

साडू हसून खाटेवरून घसरला. "तरीच! इतकी वर्षं आम्ही बोलत होतो ते पोचतच नव्हतं!" बायकोनं खडा चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "मी म्हणत होते ना?" काय म्हणत होती, कधी म्हणत होती, काही नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात आमच्या प्रत्येक भांडणाचा निकाल त्या एका खड्यानं लावला.

डाव्या कानातूनही खडा निघाला. त्याच रंगाचा, त्याच मापाचा. जुळे.

"एक पत्थर का पाँच सौ."

"तो वापस डाल दो," मी म्हणालो.

"वो अलग चार्ज है," तो शांतपणे म्हणाला. डोळ्याची पापणीही हलली नाही. ह्या माणसाच्या जागी मी असतो तर आज कुठल्या कुठं असतो. किनाऱ्यावर फेरीवाल्यांना, मालिशवाल्यांना बंदी आहे म्हणे. ती बंदी असेल खरी, पण ती खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानापर्यंत येत नाही. येतो तो हा. शेवटी सहाशेवर तुटलं. देवीच्या ओटीला मी एकशे एक घातले होते, हे बायकोनं तिथंच, गुजराती कुटुंबासमोर सांगितलं.

पैसे खिशात गेल्यावर त्यानं डब्यातून एक फुगलेली वही काढली. अभिप्राय लिहा म्हणे. रशियन होतं, हिब्रू होतं, कुणीतरी कानाचं चित्र काढलेलं. मधे एक पान मराठी. "ये आपके मराठी साहब ने लिखा, बहुत अच्छा लिखा," तो अभिमानानं म्हणाला. मी वाचलं. सुवाच्य अक्षर, बहुधा शिक्षकाचं:

'खडा पाहून घाबरू नये. तो त्याच्या मुठीतच असतो. मागील वर्षीही हाच होता.'

खाली कुणा सुज्ञानं जोड दिली होती: 'अनुमोदन.'

मी वर बघितलं. तो पेन पुढं करून हसत होता. पलीकडं साडू टोपी सावरत उठत होता आणि विचारत होता, "काय हो, खरंच मोकळं वाटतं का? मीही घेऊ का बघून?"

मी पेन घेतलं. 'अत्यंत प्रामाणिक माणूस. दोन्ही कान लख्ख. सर्वांनी लाभ घ्यावा,' असं ठसठशीत लिहिलं, त्या मराठी पानाची घडी घालून आत दाबली आणि वही साडूच्या हातात दिली.